समन्स सीमा ओलांडते तेव्हा

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण न्यायालयांची उतरंड पाठ करतो. वर सर्वोच्च न्यायालय, त्याखाली उच्च न्यायालय, त्याखाली जिल्हा न्यायालय. परंतु न्यायालयाने काढलेला कागद माणसाच्या हातात पोहोचतो कसा, हे त्या धड्यात नसते. तो माणूस दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात राहत असेल तर काय करतात, हे तर नसतेच. नार्नूर परिसरातील घरांना मात्र हा प्रश्न परका नाही. आपली सोयरीक किनवट, राजुरा, चंद्रपूरकडे; एखाद्या शेताचा वाटा तिकडे अडकलेला; आणि उत्तर तेलंगणातील कितीतरी तरुण कामासाठी आखाती देशांत. म्हणून हा पाठ वर्गासाठी असला तरी पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा, अशी विनंती आहे.

आधी समन्स म्हणजे काय ते पाहू. कोणी दिवाणी दावा दाखल केला की न्यायालय दुसऱ्या बाजूला, म्हणजे प्रतिवादीला, लेखी कळवते: तुमच्याविरुद्ध अमुक दावा आला आहे, अमुक तारखेला हजर राहा व आपले म्हणणे मांडा. हा कागद म्हणजे समन्स, आणि तो योग्य रीतीने पोहोचवण्याला ‘बजावणी’ म्हणतात. मुळाशी तत्त्व एकच आहे. दुसऱ्याचे ऐकून घेतल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. गावच्या पंचायतीतसुद्धा दोन्ही पक्षांना बोलावणे धाडल्याशिवाय पंच बसत नसत.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. तिच्या पाचव्या आदेशात बजावणीचे नियम आहेत. कागद शक्यतो प्रतिवादीच्या स्वतःच्या हाती द्यावा. तो घरी नसेल व लवकर सापडण्याची शक्यता नसेल, तर घरातील सज्ञान व्यक्तीकडे द्यावा. घरगड्याकडे दिलेला चालत नाही. येथे मुलींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी ‘घरातील सज्ञान पुरुष’ असे शब्द होते. घरात शिकलेली आई, आजी, थोरली बहीण असली तरी तिच्या हातातील समन्स कायद्याच्या लेखी पोहोचलेले नसे. आता स्त्री-पुरुष भेद राहिलेला नाही. याचा अर्थ असाही होतो, की आईने अंगठा उमटवून घेतलेला कागद संपूर्ण घराला बांधून टाकतो. तो कागद फडताळात जाऊन बसला तर तारीख काही थांबत नाही.

कागद घ्यायला नकार दिला तर सुटका होते, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. नकार मिळाल्यास न्यायालयाचा माणूस (महाराष्ट्रात त्याला बेलिफ म्हणतात) समन्सची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर चिकटवतो, साक्षीदारांची नावे लिहून घेतो, आणि न्यायालयाचे समाधान झाले की बजावणी पूर्ण झाली असे धरले जाते. त्यानंतर कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देण्यास तीस दिवस मिळतात. न्यायालयाने कारण नोंदवून वाढवली तर ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत जाते. कोणीच हजर झाले नाही तर दावा एकतर्फी चालतो, हुकूमनामा होतो, आणि शेताची मोजणी करायला माणसे येतात तेव्हा घराला जाग येते.

आता सीमेकडे वळू. न्यायालयाचा अधिकार त्याच्या हद्दीपुरता असतो. एका देशाचा बेलिफ दुसऱ्या देशात जाऊन दार ठोठावू लागला तर तेथील राज्याच्या दृष्टीने तो आगंतुक ठरतो. त्यामुळे कागद पुढे न्यायचा असेल तर पलीकडच्या राज्याच्या हातूनच न्यावा लागतो. हे समजून घ्यायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात नार्नूर हाच चांद्याच्या न्यायालयाच्या दृष्टीने परमुलूख होता.

१९४८ पर्यंत आदिलाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वर्धा नदीपलीकडे चांदा जिल्हा, म्हणजे मध्य प्रांत, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, तो तर आणखीच गमतीचा प्रकार, कारण मालकी निजामाची व कारभार इंग्रजांचा, आणि १९०२ साली तो इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतला. नदीच्या अलीकडे हाली सिक्क्याची नाणी, निजामाचा स्वतःचा स्टँप आणि उर्दू भाषेतील अदालत. पलीकडे कलदार रुपया आणि इंग्रजांचा कायदा. दोन्ही काठांवर बोलणे मात्र मराठी, गोंडी आणि तेलुगू. चांद्याच्या सावकाराला अलीकडच्या कुळावर दावा लावायचा झाला, तर १९०८ च्या संहितेत त्यासाठी वेगळा नियम होता: समन्स परमुलुखातील पोलिटिकल एजंटामार्फत किंवा तेथील न्यायालयामार्फत बजावावे. हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट बसत असे. नदी होडीने ओलांडायला थोडाच वेळ लागे, पण कागदाला सरकारी कचेऱ्यांचा वळसा घालूनच यावे लागे.

हद्द ओलांडली की काय होते, याचे उदाहरण आपल्या तेलंगणातच घडले आहे. मुहम्मद युसुफुद्दीन नावाच्या निजामाच्या प्रजाजनाला संस्थानातील एका रेल्वे स्थानकावर अटक झाली. वॉरंट होते सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचे. इंग्रजांचे म्हणणे असे, की रेल्वेची जमीन आमच्या ताब्यात आहे, मग तेथे आमचे वॉरंट चालणारच. हे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. (त्या काळी हिंदुस्थानातील खटल्यांचे शेवटचे अपील तेथे चाले.) १८९७ साली निकाल लागला: निजामाने इंग्रजांना दिलेला अधिकार रेल्वेच्या कारभारापुरता आहे, स्थानकाची जमीन निजामाच्याच राज्यात आहे, आणि सिमल्याच्या वॉरंटावर तेथे केलेली अटक बेकायदा आहे. इंग्रज त्या वेळी केवढे बलवान होते हे आपण जाणतो. तरीही हद्दीचा नियम त्यांच्याच न्यायाधीशांनी त्यांच्याविरुद्ध लावला.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले, २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, आणि १ एप्रिल १९५१ पासून दिवाणी प्रक्रिया संहिता हैदराबादसह जवळजवळ साऱ्या देशाला लागू झाली. त्या दिवसापासून चांदा व आदिलाबाद ही एकाच संहितेखालची दोन न्यायालये झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत राजुरा व किनवट हे तालुके आदिलाबादमधून निघून मुंबई राज्यात गेले. पुढे १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्यास जोडले गेले. म्हणजे पूर्वी वर्धेच्या काठावर असलेली सीमा नार्नूरच्या डोंगरांपाशी सरकली, पण तिचा प्रकार बदलला. ती देशाची नव्हे, राज्याची सीमा झाली. २०१४ साली आपले राज्य तेलंगण झाले, तेव्हाही या बाबतीत काही बदलले नाही.

मधल्या काळातील, म्हणजे धड परमुलूख नाही आणि धड आपला देशही नाही अशा दिवसांतील, एक खटला मराठी माणसाने आवर्जून जाणून घ्यावा असा आहे. ग्वाल्हेरचे सरदार मालोजी नरसिंगराव शितोळे यांनी १९४७ मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयात संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील, रहिवाशांवर दावा लावला. प्रतिवादी हजर झाले नाहीत. नोव्हेंबर १९४८ मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. १९५१ मध्ये तो अलाहाबादला वसुलीसाठी पाठवला गेला. तोवर देश एक, घटना एक, संहिताही एक झाली होती. तरीसुद्धा १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हुकूमनामा झाला त्या दिवशी अलाहाबादच्या दृष्टीने ग्वाल्हेर हे परके न्यायालय होते, प्रतिवादी तेथे राहत नव्हते व त्यांनी त्या न्यायालयाचा अधिकार मान्यही केला नव्हता. म्हणून तो हुकूमनामा अलाहाबादेत निरर्थक आहे. पंधरा वर्षांचा खटाटोप वाया गेला.

याच्या शेजारी गोव्याचा एक खटला ठेवून पाहावा. गोवा पोर्तुगीजांकडे असताना १९६० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका रहिवाशाविरुद्ध हुकूमनामा दिला. गोवा मुक्त झाल्यावर वसुलीची दरखास्त तिकडे गेली, तेव्हा प्रतिवादीने हाच मुद्दा काढला, की मुंबई आम्हाला परकी होती. पण हा गृहस्थ मुंबईत हजर झालेला होता, त्याने बचावाची परवानगी घेतली होती, आणि मग येणे सोडले होते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. ज्या न्यायालयासमोर आपण उभे राहिलो, त्याचा अधिकार आपण मानला असा अर्थ होतो.

हे वाचून कोणी म्हणेल, मग न गेलेलेच बरे! तसे मुळीच नाही. ग्वाल्हेरवाल्यांचा तो बचाव परमुलुखातील न्यायालयापुरता होता. आज चंद्रपूर किंवा किनवटच्या न्यायालयाचे समन्स नार्नूरला आले तर ते आपल्याच देशाचे आहे. संहितेच्या २८ व्या कलमाप्रमाणे ते इकडच्या न्यायालयाकडे येते, इकडचे न्यायालय ते स्वतःचेच असल्यासारखे बजावते व बजावणीचा अहवाल परत पाठवते. त्याकडे पाठ फिरवणाऱ्याच्या विरुद्ध झालेला हुकूमनामा थेट येथे बजावता येतो.

भाषेचे मात्र दुखणे आहे. महाराष्ट्रातील खालच्या न्यायालयांची भाषा मराठी, तेव्हा तिकडचा कागद आपण वाचू शकतो. आदिलाबादहून येणारा कागद तेलुगू किंवा इंग्रजीत असतो, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या कितीतरी वडीलधाऱ्यांना तो वाचता येत नाही. २८ व्या कलमात भाषांतराची सोय आहे, पण ती बजावणीच्या अहवालासाठी, म्हणजे न्यायालयांच्या आपसांतील सोयीसाठी. ज्याच्या दारी समन्स येते त्याच्या भाषेचा विचार त्या कलमात नाही. ही उणीव आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. ती भरून निघेपर्यंत तेलुगू व इंग्रजी वाचणारी आपल्या शाळेतील मुलेच घराचे दुभाषी आहेत. तेव्हा मुलांनो, कागदावरील तीन गोष्टी आधी शोधा: न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक व वर्ष, आणि हजर राहण्याची तारीख.

आता खऱ्या परदेशाकडे. युरोपात जुन्या काळी एक विचित्र पद्धत होती. फ्रान्स, नेदरलँड्स आदी देशांत प्रतिवादी परदेशी असेल तर समन्स स्थानिक सरकारी वकिलाच्या कचेरीत दिले की बजावणी झाली असे धरत. कागद पुढे पोहोचला की नाही, याची वाट न पाहता मुदत सुरू होई. दूरदेशी माणसाला पत्ता लागेपर्यंत त्याच्याविरुद्ध निकाल होऊन अपिलाची मुदतही संपलेली असे. हा अन्याय थांबावा म्हणून नेदरलँड्समधील हेग या शहरी १५ नोव्हेंबर १९६५ रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला थोडक्यात हेग बजावणी करार म्हणतात. आज ऐंशीहून अधिक देश त्यात आहेत. भारत २००६ च्या नोव्हेंबरात सामील झाला व १ ऑगस्ट २००७ पासून हा करार भारताला लागू झाला.

कराराची रीत साधी आहे. प्रत्येक देश एक केंद्रीय प्राधिकरण नेमतो. भारतात ते विधी व न्याय मंत्रालय आहे. समजा, जर्मनीतील न्यायालयाला आदिलाबाद जिल्ह्यातील कोणावर कागद बजावायचा आहे. ठराविक नमुन्यातील विनंती व कागदपत्रे दोन प्रतींत दिल्लीला येतात, तेथून ती संबंधित जिल्ह्याच्या न्यायालयाकडे जातात, आणि मग आपल्याच न्यायालयाचा माणूस ती घेऊन घरी येतो. बजावणी झाली किंवा का झाली नाही, याचा दाखला परत पाठवला जातो. टपालाने परस्पर कागद पाठवण्याची पद्धत काही देशांना चालते. भारताने सामील होतानाच तिला हरकत घेतली आहे. कागद इंग्रजीत असावा किंवा इंग्रजी भाषांतर सोबत असावे, अशीही भारताची अट आहे. विनंती नाकारायची तर देशाच्या सार्वभौमत्वाला किंवा सुरक्षिततेला बाधा येते, असे कारण लागते. ‘आम्हाला हा दावा पसंत नाही’ हे कारण चालत नाही. आणि ज्याचा पत्ताच ठाऊक नाही त्याला हा करार लागू होत नाही.

कराराचा पंधरावा अनुच्छेद सर्वांत मोलाचा वाटतो. परदेशी प्रतिवादी हजर नसेल तर त्याला कागद रीतसर व वेळेत मिळाला होता याची खात्री होईपर्यंत न्यायाधीशाने निकाल देऊ नये. याला एक अपवादही आहे: कागद कराराच्या रीतीने पाठवून किमान सहा महिने झाले, सर्व प्रयत्न करूनही दाखला आला नाही, तर पुढे जाता येते. नाहीतर एखादा देश दाखलाच पाठवणार नाही आणि वादी बिचारा जन्मभर थांबेल.

आपल्या भागातील पालकांना जर्मनीपेक्षा दुबई जवळची. भारत व संयुक्त अरब अमिराती यांच्यात दिवाणी व व्यापारी बाबींसाठी २५ ऑक्टोबर १९९९ रोजी स्वतंत्र करार झाला असून त्यात समन्सची बजावणीही येते. त्याहून महत्त्वाची तारीख १७ जानेवारी २०२० ही आहे. त्या दिवशी भारत सरकारने अधिसूचना काढून अमिरातीला ‘परस्पर व्यवहाराचा प्रदेश’ ठरवले. याचा अर्थ, तेथील अधिसूचित न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा भारतातील जिल्हा न्यायालयात थेट वसुलीस दाखल होऊ शकतो. तिकडे कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचे पैसे थकवून गावी परत आले की विषय संपला, असे पूर्वी समजत. आता तसे समजून चालणार नाही. तथापि संहितेचे १३ वे कलम येथेही ढालीसारखे उभे आहे: ज्या परदेशी निकालात प्रतिवादीला नैसर्गिक न्याय मिळाला नाही, तो भारतात टिकत नाही. बजावणी झाली होती का आणि कशी, हा प्रश्न मग सर्वांत आधी निघतो.

मुलीचे लग्न परदेशातील स्थळाशी करणाऱ्या पालकांनी १९९१ चा एक निकाल ध्यानात ठेवावा. तिरुपतीला लग्न झालेल्या एका पतीने अमेरिकेतील मिसुरी राज्यात घटस्फोट मिळवला व दुसरा विवाह केला. पत्नी भारतातच होती. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. नुसती नोटीस हाती पडली म्हणजे पुरे नव्हे, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष जाऊन लढण्याची खरीखुरी संधी मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. एवढ्या दूरचा प्रवास, वकील, राहणे यांचा खर्च कोणी करायचा, हा विचार त्यात आहे. कागद पोहोचणे व माणसाला बोलता येणे यांतील अंतर त्या निकालाने दाखवले.

फौजदारी खटल्यांची वाट वेगळी आहे. तेथे दोन देशांमधील परस्पर साहाय्याचे करार व न्यायालयाचे विनंतीपत्र यांच्या आधारे काम चालते आणि आपल्याकडे ते गृह मंत्रालय पाहते. साक्षीदार परदेशी असेल तर त्याला येथे आणलेच पाहिजे असे नाही. मुंबईच्या एका खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे घेता येईल, असे २००३ सालीच ठरले.

आता मोबाईलवर येणाऱ्या कागदांविषयी, कारण यात आजकाल घरे बुडतात. व्हॉट्सॲपवर न्यायालयीन कागद कधीच येत नाही असे म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुली प्रकरणात व्हॉट्सॲपवरची नोटीस ग्राह्य धरली, कारण दोन निळ्या खुणांवरून ती उघडून वाचल्याचे दिसत होते. परंतु कोणी व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात बसून ‘परदेशी न्यायालयाचे वॉरंट आले आहे, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, पैसे भरा’ म्हणत असेल, तर तो शंभर टक्के ठग आहे. डिजिटल अटक नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही. परदेशी न्यायालयाचा कागद केवढ्या वळशाने येतो ते आपण वर पाहिलेच. तो फोन करून पैसे मागत नाही. अशा वेळी फोन बंद करून १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी. खऱ्या दाव्याची खात्री ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून विनामूल्य करता येते.

एकतर्फी हुकूमनामा होऊन गेला असेल तरी सर्व संपलेले नसते. समन्स रीतसर बजावले गेलेच नव्हते असे दाखवता आले, तर हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो. वृत्तपत्रात जाहिरात देऊन केलेली बजावणी या मुदतीपुरती रीतसर धरत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर आदिलाबादच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, तसेच सर्व स्त्रियांना व मुलांना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय. घरातील जुन्या ट्रंकेत १९४८ पूर्वीचा एखादा उर्दू कागद किंवा निजामाचा स्टँप असेल तर वडीलधाऱ्यांच्या परवानगीने तो पाहा व त्यावरील तालुका व वर्ष वहीत लिहा. मूळ कागद शाळेत आणू नये. नकाशात १९५६ पूर्वीचा आदिलाबाद जिल्हा आखून राजुरा व किनवट कोठे होते ते दाखवा. आणि या प्रश्नाचे उत्तर दहा ओळींत लिहा: शितोळे यांच्या खटल्यातील प्रतिवादी ग्वाल्हेरला एकदा जरी हजर झाले असते, तर १९६२ चा निकाल तसाच लागला असता का?